शाळेचा पैसा कोणाचा, देखरेख कोणाची? मुंबई इलाख्यातील एका जुन्या वादाचा इतिहास

१/ १९ ऑक्टोबर १८८२. हंटर शिक्षण आयोगापुढे पुण्याहून एक निवेदन सादर झाले. त्यात एक शिफारस अशी होती : मोठ्या शहरांतील प्राथमिक शाळांचा सारा खर्च नगरपालिकांनी सोसावा, मात्र त्या शाळांचा कारभार कोणत्याही परिस्थितीत पूर्णपणे नगरपालिकांच्या हाती देऊ नये, देखरेख विद्याखात्याची असावी. हे लिहिणारे जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे स्वतःच पुणे नगरपालिकेचे सभासद होते. नगरपालिकेत बसलेल्या माणसाचा नगरपालिकेवर एवढा अविश्वास का असावा?

२/ उत्तरासाठी आधी पैशाची वाट पाहिली पाहिजे. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ उपकर सुरू झाला आणि १८६९ च्या कायद्याने तो पक्का झाला. या पैशाचे दोन भाग रस्त्यांसारख्या कामांना आणि एक भाग शिक्षणाला जाई. खेड्यांतील शाळांचा मोठा आधार हाच होता. म्हणजे शाळेसाठी पैसा देणारा मुख्यतः शेतकरी होता.

३/ पण तो पैसा खर्च करणाऱ्यांत शेतकरी नव्हता. लोकल फंडाच्या समित्या कलेक्टरच्या छायेत चालत. शिक्षकांच्या नेमणुका, अभ्यासक्रम आणि तपासणी विद्याखात्याकडे होती. फुल्यांच्या निवेदनानुसार इलाख्यातील सुमारे नऊ-दशांश खेड्यांत, म्हणजे जवळपास दहा लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची कोणतीच सोय नव्हती. उपकर मात्र सर्वांकडून वसूल होत होता.

४/ १८८२ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे ठरते. मे महिन्यात लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी नेमलेल्या हंटर आयोगाने पुढे प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांकडे सोपवण्याची शिफारस केली. लोकांनी आपला कारभार आपण चालवावा, हा विचार उदार होता. पण ‘लोक’ म्हणजे कोण, या प्रश्नाचे उत्तर रिपनच्या ठरावात नव्हते.

५/ फुले पालिकेच्या आतून हा प्रश्न पाहत होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणेभेटीनिमित्त स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव पालिकेपुढे आला, तेव्हा एकट्या फुल्यांनी विरोधात मत दिले. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. सार्वजनिक तिजोरी कोणाच्या मर्जीने उघडते आणि कोणासाठी बंद राहते, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते.

६/ त्यांचे निवेदन केवळ तक्रार करून थांबत नाही. डेप्युटी इन्स्पेक्टरांनी वर्षातून एकदा येऊन जाण्याचा उपयोग नाही. तपासणी निदान तिमाही असावी आणि मधूनमधून आगाऊ सूचना न देता व्हावी. जिल्ह्याच्या व गावच्या अंमलदारांवर विसंबू नये, कारण त्यांना सवड नसते. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत आणि त्यांना किमान बारा रुपये पगार असावा. गुरे राखणारी आणि शेतात राबणारी मुले शाळेत टिकावीत म्हणून शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्यावीत. शाळेची इमारत उभी केली की काम संपले, असे त्यांनी मानले नाही.

७/ मग सरकारी देखरेख निर्दोष होती काय? मुळीच नाही. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार विद्यार्थ्याला प्रवेश नाकारला गेला. त्याने अर्ज केला. पण मुंबई सरकारने वरिष्ठ जातींचा रोष टाळण्यासाठी हस्तक्षेप करण्याचे नाकारले. १८५८ मध्ये लंडनच्या संचालक मंडळाने तत्त्व घालून दिले की सर्वस्वी सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना खुल्या असाव्यात. तत्त्व कागदावर आले, वर्गाचे दार बहुतेक ठिकाणी तसेच बंद राहिले. पण जिथे सार्वजनिक पैसा, तिथे सार्वजनिक हक्क, हे सूत्र मात्र तेव्हापासून हाताशी आले.

८/ १८८४ च्या कायद्यांनी जिल्हा व तालुका लोकल बोर्डे उभी राहिली, नगरपालिकांची पुनर्रचना झाली आणि प्राथमिक शाळांचा भार त्यांच्याकडे गेला. शिक्षणावरची मुख्य सत्ता मात्र दीर्घकाळ विद्याखात्याकडेच राहिली. खर्चाचे ओझे एकाकडे आणि निर्णय दुसऱ्याकडे, अशी ही व्यवस्था होती.

९/ १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सक्ती लागू करण्याचा अधिकार त्यांनी स्थानिक संस्थांना दिला होता. खर्चाचा दोन-तृतीयांश भाग सरकारने आणि उरलेला स्थानिक संस्थांनी उचलावा, अशी त्यांची योजना होती. गोखले स्वतः पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष राहिले होते. पालिकेची तिजोरी किती उथळ असते, हे त्यांना ठाऊक होते. १९१२ मध्ये विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

१०/ खरे हस्तांतर १९२३ मध्ये झाले. शिक्षणमंत्री रँग्लर र. पु. परांजपे यांच्या काळातील मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा जिल्हा लोकल बोर्डांच्या व नगरपालिकांच्या स्कूल बोर्डांकडे सोपवल्या. नेमणुका, अंदाजपत्रक आणि कारभार आता निवडून आलेल्यांच्या हाती आला.

११/ त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला : सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य वर्गांना खुल्या असाव्यात. अनेक स्थानिक संस्थांनी तो बासनात गुंडाळून ठेवला. म्हणून १९२६ मध्ये बोल्यांनी दुसरा ठराव आणला : जी नगरपालिका व लोकल बोर्डे हे अमलात आणणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान रोखावे.

१२/ मे १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन आयोगाला निवेदन दिले. प्राथमिक शिक्षणाचे स्कूल बोर्डांकडे होणारे हस्तांतर थांबवले नाही, तर अस्पृश्य वर्गाचे शिक्षण मोठ्या प्रमाणात मागे पडेल, असा त्यात इशारा होता. फुल्यांच्या निवेदनानंतर सेहेचाळीस वर्षांनी तोच मुद्दा पुन्हा मांडला गेला. दोघेही लोकसत्तेचे विरोधक नव्हते. गावात ज्यांची सत्ता आहे, त्यांच्याच हाती गावच्या शाळेची किल्ली दिली, तर गावकुसाबाहेरच्या मुलाने दाद कोणाकडे मागायची, हा त्यांचा सवाल होता.

१३/ १९२९ च्या हार्टोग समितीनेही अतिरेकी विकेंद्रीकरणावर टीका केली. १९३८ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने कायदा बदलून तपासणी आणि स्कूल बोर्डाचा प्रशासन अधिकारी सरकारच्या अखत्यारीत आणला. १९४७ च्या नव्या कायद्याने हीच दिशा कायम ठेवली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या.

१४/ या साऱ्या प्रवासात लंबक गावाकडून सरकारकडे आणि सरकारकडून गावाकडे झुकत राहिला. ज्यांची मुले त्या बाकांवर बसतात, त्यांना मात्र या व्यवस्थेत फार उशिरा स्थान मिळाले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व असावे आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, असे बंधन घातले.

१५/ जिल्हा परिषदेच्या शाळेत या समितीची सभा भरते, तेव्हा शाळेच्या विकास आराखड्यावर आणि आलेल्या अनुदानाच्या खर्चावर बोलण्याचा अधिकार मजुरी करणाऱ्या आईलाही असतो. आणेवारीने उपकर भरणाऱ्या शेतकऱ्याला १८८२ मध्ये तो नव्हता. ती आई त्या सभेत खरोखर बोलते, की फक्त इतिवृत्तावर तिची सही घेतली जाते, यावरच या दीड शतकाच्या वादाचा निकाल ठरायचा आहे.