खोलीत किती, दारात कोण? पंढरपूरच्या उताऱ्याचा इतिहास

१/ आषाढी जवळ आली की पंढरपुरात घरे आतल्या आत सरकू लागतात. घरची माणसे मागच्या खोलीत जातात. ओसरी, माजघर, माडी यात्रेकरूंना मोकळी होते. आज त्याच खोलीचे छायाचित्र मोबाइलवर झळकते, दर तिथेच ठरतो आणि या व्यवहाराला ‘होमस्टे’ म्हणतात. सोलापूर जिल्ह्याला यात नवे आहे ते एवढे नावच. चार रात्रींपुरते घर भाड्याने देणाऱ्यावर सरकारने नियम केव्हा व का घातले, आणि त्या नियमांना कोणता प्रश्न फार उशिरा सुचला, याविषयीचा हा धागा.

२/ आरंभ एका शब्दापासून करू. वारकरी पंढरपुरात कोणाकडे ‘राहत’ नाही, तो ‘उतरतो’. म्हणून त्याच्या जागेला उतारा म्हणत. बडवे, उत्पात आणि इतर क्षेत्रस्थ यांच्या वाड्यांत पिढ्यान्पिढ्या ठरलेल्या गावांची, ठरलेल्या घराण्यांची माणसे उतरत. निघताना जे हाती ठेवले जाई ते दक्षिणा की भाडे, हे दोन्ही पक्ष मोघमच ठेवीत. त्या मोघमपणात सोय होती. पाहुण्याचा हिशेब सरकारला द्यावा लागत नाही, गिऱ्हाइकाचा द्यावा लागतो.

३/ हा मोघमपणा मोडला तो पटकीने. १८१७ मध्ये बंगालमध्ये उसळलेली पटकीची साथ पुढच्याच वर्षी दख्खनेत उतरली आणि पंढरपुरालाही तिने गाठले. त्यानंतर शतकभर वारी आणि पटकी हे शब्द सरकारी कागदांत जोडीने येत राहिले. रोगाचे कारण तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. कॉखने कलकत्त्यात पटकीचा जंतू दाखवला तो १८८४ मध्ये. मात्र दाटीने झोपलेली माणसे डोळ्यांना दिसत होती. जे दिसते त्यावर नियम करणे सोपे असते.

४/ पंढरपूरची नगरपालिका १८५५ ची, म्हणजे देशातल्या जुन्या नगरपालिकांपैकी एक. यात्रेकरूंकडून कर घेण्याची रीतही तेथे रुजली. कर आला की मोजणी आली, आणि मोजणी आली की ‘या घरात किती माणसे उतरली?’ हा प्रश्न आला. ओसरीवरच्या पाहुण्याकडे आकडा म्हणून पाहण्याची सुरुवात येथून होते.

५/ यामागे दूरचे दडपणही होते. १८६५ च्या हजमध्ये पटकी फैलावली, तेथून ती युरोपात पोहोचली, आणि १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. हिंदुस्थानातील यात्रा जगाच्या आरोग्यास धोका आहेत, असा ठपका तेथे आला. पुढचे कायदे वाचताना ही परिषद ध्यानात ठेवावी. कायदा करणाऱ्याच्या मनात यात्रेकरूच्या सुखापेक्षा बंदरांची आणि व्यापाराची काळजी मोठी होती.

६/ सर्वांत थेट कायदा झाला तो पुरीसाठी. बंगाल सरकारच्या १८७१ च्या ‘पुरी लॉजिंग हाउस अ‍ॅक्ट’नुसार यात्रेकरूंना घरात उतरवून घेण्यास परवाना लागू लागला. आरोग्य अधिकारी घर पाहणार, त्यात किती माणसे मावतात ते लिहून देणार, आणि त्याहून अधिक माणसे भरल्यास मालकास दंड. आजच्या होमस्टेच्या नोंदणीचा हा थेट पूर्वज.

७/ त्याआधीचा १८६७ चा ‘सराई कायदा’ अधिक रंजक आहे. तो प्रथम वायव्य प्रांत, पंजाब, अवध अशा प्रांतांसाठी होता. सराईची नोंद जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटकडे हवी. संसर्गजन्य रोगाने कोणी आजारी पडला वा मेला तर ताबडतोब पोलीस ठाण्यास वर्दी द्यावी. खोल्या, ओसऱ्या, गटारे, विहिरी स्वच्छ राखाव्यात. पुरेसे पहारेकरी ठेवावेत. दरपत्रक सर्वांना दिसेल असे लावावे. आणि माझे आवडते कलम: ज्यांवरून चोर सराईत चढू-उतरू शकतील अशी झाडे व फांद्या तोडून टाकाव्यात! नियम मोडल्यास दंड वीस रुपयांपर्यंत.

८/ थोडे विषयांतर. ‘१८६७ च्या कायद्याने कोणत्याही हॉटेलात फुकट पाणी आणि स्वच्छतागृह वापरण्याचा हक्क आहे’ असा निरोप तुम्हालाही कधीतरी आला असेल. कायद्याचा मजकूर वाचून पाहावा. विहिरी स्वच्छ ठेवण्याचे बंधन त्यात आहे, वाटसरूस फुकट पाणी देण्याचे नाही. जुना कायदा न वाचता पुढे ढकलण्याची ही उत्तम शिक्षा.

९/ १९०६ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचा छोटा रूळमार्ग कुर्डुवाडीहून पंढरपुरास पोहोचला. पायी येणाऱ्या दिंडीसोबत आता गाडीने येणारा, एका रात्रीत परतणारा यात्रेकरू आला. त्याचे कोणा वाड्याशी पिढीजात नाते असेलच असे नव्हते; त्याला फक्त खोली हवी होती. उताऱ्याचे भाडे झाले ते बहुधा याच काळात. मुंबई इलाख्याच्या यात्रा समितीचा अहवाल १९१६ मध्ये निघाला; त्याचाही रोख आरोग्य आणि गर्दी हाच.

१०/ येथवरच्या नियमांना नावे ठेवणे सोपे आहे. पण दाटी खरी होती, मरणेही खरी होती. माझा आक्षेप वेगळा आहे. खोलीत किती माणसे असावीत हे या नियमांनी बारकाईने विचारले. दारातून कोणाला परत पाठवले, हे विचारलेच नाही.

११/ आणि परत पाठवलेली माणसे थोडी नव्हती. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ. चोखोबांच्या समाजाचा वारकरी तेथवर येई, मंदिराबाहेरूनच परते, आणि रात्री गावातल्या वाड्यांत त्याला उतारा नसे. धर्मशाळा होत्या, पण बहुतेक जातीजातींच्या. सरकारच्या दृष्टीने दाटी नसलेले घर हे चांगले घर. मग ते कोणामुळे मोकळे राहिले याची चौकशी कोण करणार?

१२/ नोंदवहीचा एक प्रसंग पंढरपुराबाहेरचा, पण मराठी राज्यकर्त्यांच्या बडोद्यातला. १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशी शिक्षण घेऊन बडोदे संस्थानच्या नोकरीसाठी तेथे गेले. राहायला कोणी जागा देईना. अखेर पारशांच्या एका मुक्कामघरात, दिवसाला दीड रुपया देऊन, पारशी नाव नोंदवहीत लिहून त्यांनी खोली मिळवली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. नोंदवही हे पाहुण्याच्या सुरक्षिततेचे साधन मानले जाते. येथे तीच त्याला खोटे नाव घ्यायला लावते.

१३/ पंढरपुरात या प्रश्नाला पहिले ठोस उत्तर कायद्याने नव्हे, गाडगे महाराजांनी दिले. लोकांकडून पैसा उभा करून त्यांनी तीर्थक्षेत्री धर्मशाळा बांधल्या. त्यांत पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा होती. १९४९ मध्ये त्यांनी ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

१४/ दोन वर्षे मागे जाऊ. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून पंढरपुरातच उपोषण केले. त्याच वर्षी मुंबई प्रांताने ‘मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृहे दर नियंत्रण अधिनियम’ केला. नाव पाहा: भाडेकरूच्या शेजारी हॉटेल आणि निवासगृहही आले, आणि पाहुण्याकडून किती घ्यावे यावर मर्यादा आली. म्हणजे आरोग्यानंतर नियमांनी पैशाकडे लक्ष दिले. दाराचा प्रश्न गुरुजींच्या उपोषणात होता, या अधिनियमात नव्हता.

१५/ तो कायद्यात शिरला राज्यघटनेमुळे. १९५० च्या घटनेने अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने हॉटेल, धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना ही ठिकाणे नावानिशी लिहिली. त्यातील ‘हॉटेल’च्या व्याख्येत निवासगृहही मोडते. अस्पृश्यतेच्या कारणावरून दार बंद करणे हा आता गुन्हा झाला. पुरीच्या परवान्यानंतर ८४ वर्षांनी! १९७६ च्या दुरुस्तीने याच कायद्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले.

१६/ पुढचे झटपट. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने निवासगृहांच्या देखरेखीसाठी उपविधी करण्याचा अधिकार नगरपरिषदांना दिला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या नावातून हॉटेल आणि निवासगृह गळाले. केंद्राच्या निवास-न्याहारी योजनेत मालकाने त्याच घरात राहिले पाहिजे, खोल्या जास्तीत जास्त सहा, खाटा बारा. पुरीचा आरोग्य अधिकारी येथेही माणसे मोजतोच आहे. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत कळवायचे. पाहुण्यांची वर्दी मागणारा सराई कायद्याचा मॅजिस्ट्रेट येथे भेटतो.

१७/ राहता राहिला दाराचा प्रश्न. लॉजच्या खिडकीशी उभ्या माणसाला नाकारायचे तर निदान तोंडावर नाकारावे लागते, आणि ते ऐकणारा साक्षीदारही असू शकतो. मोबाइलवर मालक आडनाव वाचतो, छायाचित्र पाहतो आणि ‘त्या तारखांना जागा नाही’ एवढेच कळवतो. कारण लिहिलेले नसते. १९५५ च्या कायद्याला नकारामागचे कारण लागते. बडोद्याच्या त्या मुक्कामघरात नाव पाहायला निदान वही उघडावी लागत होती. आता ते पाहुणा दारात येण्याआधीच मालकाच्या हातात असते.