दुखऱ्या पायाचा खटला

एका बाईचा पाय दुखावला आणि त्या पायाची चर्चा पंधरा देशांच्या न्यायपीठापुढे झाली. राजांच्या पायांखाली मुलूख तुडवले गेल्याच्या कथा इतिहासात पैशाला पासरी मिळतात. परंतु एका साध्या नोकरदार बाईच्या दुखण्यावरून कायद्याला नवी वाट काढावी लागली, असा प्रसंग विरळा. घरच्या संगणकावर एखादे पान तयार करून ते साऱ्या जगासाठी उघडे ठेवणारी माणसे आज आपल्याही गावोगावी आहेत. त्यांनी तरी ही हकीकत ऐकून ठेवावी.

स्वीडन देशाच्या दक्षिणेस स्मोलांड नावाचा जंगलांचा आणि सरोवरांचा मुलूख आहे. तेथील आल्सेडा या गावच्या चर्चमध्ये एक बाई देखभालीचे काम करीत आणि त्याबरोबर धर्मशिक्षणाचे वर्गही घेत. त्यांचे नाव खटल्याच्या कागदोपत्री नमूद आहे. पण ज्या गोष्टीचे सारच 'परक्याचे नाव जपून वापरावे' हे आहे, ती सांगताना ते घेण्याचे कारण नाही. बाईंनी संगणकाचा अभ्यासक्रम घेतला. त्यात इंटरनेटवर स्वतःचे एक पान तयार करण्याचा पाठ होता. गृहपाठ मनापासून करणारे विद्यार्थी असतात, तशा या बाई होत्या. आपल्या चर्चमधील मुलामुलींचा दृढीकरणाचा संस्कार व्हायचा आहे, त्यांना लागणारी माहिती एका ठिकाणी मिळावी, या हेतूने १९९८ च्या अखेरीस त्यांनी घरी बसून काही पाने रचली. स्वीडिश चर्चच्या संकेतस्थळावरून तिकडे जाण्याची वाटही त्यांनी विनंती करून जोडून घेतली.

पाने नुसती कोरडी राहू नयेत म्हणून बाईंनी त्यांत स्वतःची आणि आपल्या अठरा सहकाऱ्यांची ओळख करून दिली. कोणाचे पूर्ण नाव, कोणाचे नुसतेच पाळण्यातले. कोण काय काम करतो, कोणाला कसला छंद आहे, हे हलक्याफुलक्या थट्टेच्या सुरात लिहिले. पुष्कळांच्या घरची माहिती दिली, टेलिफोनचे आकडे दिले. आणि एका सहकारी बाईविषयी लिहिले की, त्यांचा पाय दुखावला असल्यामुळे त्या सध्या अर्धा वेळच कामावर येतात.

काही सहकाऱ्यांना हे रुचले नाही. ते कळताच बाईंनी पाने काढून टाकली. आपल्याकडे असे झाले असते तर चार दिवस अबोला, मग संक्रांतीचा तिळगूळ, आणि प्रकरण मिटले असते. पण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात स्वीडनमध्ये वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा नवा कायदा अमलात आला होता. बाईंनी सहकाऱ्यांना विचारले नव्हते, सरकारच्या माहिती-निरीक्षक खात्याला कळवले नव्हते, आणि दुखऱ्या पायाचा उल्लेख म्हणजे तर प्रकृतीची माहिती, जी कायद्याने विशेष नाजूक मानलेली. सरकारी वकिलाने खटला भरला. एक्शो येथील कोर्टाने चार हजार क्रोनर दंड ठोठावला. या दंडाचे गणितही मोठे मासलेवाईक आहे. गुन्हा किती गंभीर, त्याचे माप चाळीस धरले. बाईंची सांपत्तिक स्थिती पाहून दर शंभर क्रोनर धरला. आणि दोहोंचा गुणाकार केला. शिवाय गुन्ह्यांना बळी पडलेल्यांच्या मदतनिधीला तीनशे क्रोनर द्यायचे होते.

वाचक म्हणतील, एवढ्याशा गोष्टीचा एवढा बाऊ कशाला? आणि तोही स्वीडनमध्ये? छापण्याच्या स्वातंत्र्याचा कायदा जगात प्रथम ज्या देशाने १७६६ साली केला, सरकारी दफ्तरे सामान्य नागरिकाला ज्याने त्याच कायद्याने खुली केली, तो हा देश. त्याला एका पायाच्या दुखण्याची एवढी धास्ती का वाटावी?

याचे उत्तर स्वीडनच्या बाहेर, सबंध युरोपच्या आठवणीत आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी हॉलंडमध्ये लोकसंख्येची नोंदवही मोठ्या टापटिपीने ठेवली जाई. नाव, पत्ता, कुटुंबातील माणसे, धर्म, सारे काही कार्डांवर. ती लिहिणाऱ्या कारकुनांच्या मनात पाप नव्हते. नगरपालिकेचे काम सुरळीत चालावे एवढाच हेतू. १९४० साली जर्मन फौजा आल्या आणि ही नीटनेटकी कार्डे त्यांच्या हाती आयती पडली. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या घरात यहुदी राहतात, हे शोधण्याचे कष्टही त्यांना पडले नाहीत. २७ मार्च १९४३ च्या रात्री चित्रकार विलेम आरोन्देउस आणि शिल्पकार खेरिट फान देर वेन यांच्या पुढारीपणाखाली काही धाडसी माणसे पोलिसांचा वेष करून आम्स्टरडॅमच्या नोंदणी कचेरीत शिरली आणि त्यांनी तेथील कपाटांना आग लावली. असे सांगतात की, आग विझवायला आलेल्या बंबवाल्यांतही काही मनाने त्यांच्याच बाजूचे होते. त्यांनी येण्यात दिरंगाई केली आणि मग पाणी मात्र सढळ हाताने ओतले, म्हणजे जे जळले नाही ते भिजावे. तरीही सारी कार्डे नष्ट झाली नाहीत. त्या कटातील बारा जणांना, त्यांत आरोन्देउसही आले, १ जुलै १९४३ रोजी गोळ्या घालण्यात आल्या. हॉलंडमधील सुमारे एक लाख चाळीस हजार यहुद्यांपैकी एक लाखाहून अधिक युद्धात प्राणांस मुकले.

चांगल्या हेतूने लिहिलेली यादी उद्या कोणाच्या हाती पडेल, हे लिहिणाऱ्याला कळत नाही, हा धडा युरोप विसरला नाही. संगणक आले आणि दहा खोल्यांतील कपाटे एका पेटीत मावू लागली, तेव्हा ती जुनी भीती पुन्हा जागी झाली. जर्मनीच्या हेसन प्रांताने १९७० मध्ये या विषयावरचा जगातील पहिला कायदा केला. सबंध देशासाठी पहिला कायदा १९७३ मध्ये झाला, तो स्वीडनचाच. १९८३ च्या डिसेंबरात जर्मनीच्या घटना-न्यायालयाने जनगणनेच्या खटल्यात सांगितले की, आपली माहिती कोणी, कशासाठी वापरावी हे ठरवण्याचा अधिकार मुळात त्या माणसाचा आहे. १९९५ मध्ये युरोपीय संघाने आपल्या सर्व सभासद देशांना या तत्त्वावर कायदे करण्याचा आदेश दिला. स्वीडनचा १९९८ चा कायदा त्यातूनच निघाला आणि आमच्या बाई त्याच्या पहिल्या झटक्यात सापडल्या!

बाईंनी अपील केले. अपील कोर्टाचे न्यायाधीशही पेचात पडले. त्यांनी २००१ साली सात प्रश्न लिहून ते लक्झेंबुर्ग येथील युरोपीय न्यायालयाकडे पाठवले. तेथे न्यायालयाला सल्ला देणाऱ्या विधिज्ञाचे मत बाईंच्या बाजूने पडले: हे हौसेचे, विनामोबदल्याचे काम आहे, त्याला हा कायदा लागूच होत नाही. पण ६ नोव्हेंबर २००३ रोजी न्यायालयाने तो सल्ला मानला नाही.

न्यायालय म्हणाले, नाव, टेलिफोनचा आकडा, छंद, हे इंटरनेटच्या पानावर चढवणे म्हणजे वैयक्तिक माहितीवर केलेली प्रक्रियाच होय. पाय दुखावल्याचा उल्लेख ही प्रकृतीची माहिती होय. आणि घरगुती कामाला कायद्याने दिलेली सूट येथे मिळणार नाही. कारण जे पान अगणित लोकांना वाचता येते ते घरगुती राहत नाही. घरातल्या वहीत सहकाऱ्यांचे पत्ते लिहून ठेवावेत, मित्राला पत्र पाठवावे, ती बाब वेगळी. ओसरीवरची गोष्ट चव्हाट्यावर गेली की तिचे नियम बदलतात. हे आपल्या आज्या न्यायालयावाचून सांगत आल्या आहेत.

तरी न्यायालयाने तारतम्य सोडले नाही. असे पान परदेशात वाचता येते म्हणून बाईंनी माहिती परदेशी धाडली असा अर्थ होत नाही, असे त्याने सांगितले. नाहीतर प्रत्येक पान एकदम सगळ्या देशांत गेले असे मानावे लागते. बोलण्याचे स्वातंत्र्यही मोलाचे आहे. ते आणि दुसऱ्याचे खाजगीपण यांचा तोल त्या त्या देशाच्या न्यायाधीशांनी राखावा, आणि शिक्षा अपराधाच्या मानाने असावी, हेही त्याने बजावले. पुढे स्वीडनच्या कोर्टाने हा अपराध क्षुल्लक गणून बाईंना शिक्षेतून मोकळे केले. चूक ठरली, पण दंड उरला नाही. शाळामास्तराला हा निकाल फार पटतो.

युरोपात २५ मे २०१८ पासून याहून कडक कायदा चालू झाला. घरगुती कामाची सूट त्यात राहिली आणि तिची सीमाही. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणाला मूलभूत हक्क मानले, आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी डिजिटल वैयक्तिक माहितीच्या रक्षणाच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. बहुतेक बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची, असे त्यांत ठरले. दुसऱ्याची माहिती स्वतःच्या कामासाठी गोळा करणाऱ्याला या कायद्याने दिलेल्या इंग्रजी नावाचा अर्थ 'विश्वस्त' असा होतो. विश्वस्ताने माहिती कशासाठी हवी ते आधी साध्या शब्दांत सांगावे, संमती घ्यावी, माहिती सांभाळावी, फुटली तर ज्याची त्याला कळवावे, काम संपले की पुसून टाकावी. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत आईबापांची खात्रीशीर संमती लागते.

गंमत अशी की, या कायद्यात उदाहरणादाखल इंटरनेटवर आपले विचार लिहिणारी एक व्यक्ती आली आहे आणि तिचा उल्लेख स्त्रीलिंगी आहे. तिने स्वतःची माहिती स्वतःच जाहीर केली तर तेवढ्यापुरता कायदा आड येत नाही. स्वतःची, एवढे मात्र ध्यानात धरावे. निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती कामालाही येथे सूट आहे. पण आल्सेडाच्या बाईंनाही आपले काम तसेच वाटले होते.

आपल्याकडे कुलवृत्तांत छापण्याची हौस जुनी आहे. कोणाचा जन्म कधीचा, लग्न कोणत्या घरी, नोकरी कोठे, पत्ता काय, हे सारे त्यात असते, आणि त्या ग्रंथांनी इतिहासाची सेवाही केली आहे. पण त्याच्या प्रती घराण्यातील माणसांच्या कपाटांत जात. तोच मजकूर आता कोणी उत्साही पुतण्या सर्व जगाला खुला करतो, तेव्हा त्यात एखाद्या आत्याची जन्मतारीख, एखाद्या काकांचे आजारपण आणि एखाद्या मोडलेल्या संसाराची कथाही जाते. त्या पुतण्याचा हेतू वाईट नसतो. आल्सेडाच्या बाईंचाही नव्हता. त्याने पान उघडे करण्यापूर्वी आत्याला एक पत्र टाकावे, "हे घालू का?" म्हणून विचारावे. ती "नको" म्हणाली तर ती ओळ गाळावी. कुलवृत्तांत तेवढ्याने उणा होत नाही.