नाणेघाट आणि आमचा पाथरी रोड

मित्रहो, परभणीच्या माणसाने घाटांवर लिहावे म्हणजे जरा आगाऊपणाच! आमचा जिल्हा गोदावरीकाठच्या काळ्या मातीचा. उत्तरेला जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगेची शेपटी, दक्षिणेला गंगाखेडच्या वर बालाघाटाचे डोंगर आणि मध्ये सगळे सपाट रान. 'बाला' म्हणजे फारसीत वरचा. घाटाच्या वरचा मुलूख तो बालाघाट. म्हणजे नावातच घाट आहे, पण आम्हाला त्याचे कधी काही वाटले नाही. घाट म्हटले की पुण्या-मुंबईच्या लोकांचा, पावसाळी सहलीचा विषय, अशी आमची समजूत.

निवृत्तीनंतर मात्र मला घाटांचे वेड लागले. कधी पुतण्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, कधी काठी टेकत पायी, असे काही घाट पाहिले. त्यातला जो मनात घर करून बसला तो नाणेघाट. सातवाहनांचा धडा वर्गात अनेक वर्षे शिकवला होता. पण तो धडा आपल्या दाराशी येऊन थांबतो, हे तिथे गेल्यावर कळले.

कसे ते सांगतो. परभणीहून पाथरीकडे जाणाऱ्या रस्त्याला आम्ही नुसते 'पाथरी रोड' म्हणतो. सरकारदरबारी तो पूर्वी राष्ट्रीय महामार्ग 222 होता, आता 61 आहे. पाथरी, माजलगाव, पाथर्डी, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), आळेफाटा, ओतूर करत हा रस्ता माळशेज घाट उतरतो आणि मुरबाडवरून कल्याणला पोचतो. माळशेजच्या जवळच, जुन्नरच्या अंगाला, नाणेघाट आहे. म्हणजे आज आमच्या एसटी आणि ट्रक ज्या दिशेने कोकणात उतरतात, साधारण त्याच दिशेने दोन हजार वर्षांपूर्वी बैलांचे तांडे उतरत होते!

जुन्नरहून घाटघर गावावरून घाटमाथ्यापर्यंत मोटारसायकल जाते. शेजारी जीवधन किल्ला, समोर कोकणात झुकलेला 'नानाचा अंगठा' नावाचा सुळका आणि खाली एकदम खोल कोकण. दोन कड्यांच्या मधल्या चिंचोळ्या नाळेतून दगडी वाट उतरते. खालून, वैशाखरे गावाच्या बाजूने चढून येणारे लोक दोन-तीन तासांत वर येतात. मी वरून निम्मी वाट उतरून परत चढलो. गुडघ्यांनी तक्रार केली, पण पायाखालचे झिजलेले दगड पाहिल्यावर ती ऐकावीशी वाटली नाही.

घाटाच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे. यात जकातीची नाणी टाकत, असे लोक सांगतात. काही अभ्यासकांना ते मान्य नाही. पण जवळच्या लेण्याबद्दल वाद नाही. त्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला. केलेले यज्ञ आणि दिलेली दक्षिणा यांची त्यात यादी आहे. गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी, सगळे आकड्यांसह! भारतातल्या जुन्यात जुन्या कोरीव आकड्यांपैकी हे आकडे. मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका आणि राजकुमार यांच्या मूर्ती होत्या. आता वर नावे आणि खाली पावलांच्या खुणा एवढेच उरले आहे.

राजघराण्याने हा लेख राजधानी पैठणला न कोरता एका अवघड खिंडीत का कोरला? मला वाटते, कारण उघड आहे. येणारा-जाणारा प्रत्येक व्यापारी तिथून जाणार होता. घाट ज्याच्या हातात, त्याच्या हातात व्यापार.

पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीक खलाशाने 'पेरिप्लस' नावाचे समुद्रप्रवासाचे पुस्तक लिहिले. त्यात पैठण भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर म्हणजे आपले तेर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे म्हटले आहे. पैठणहून मौल्यवान दगड आणि तेरहून जाडेभरडे तसेच तलम कापड गाड्यांवर लादून, रस्ते धड नसलेल्या मुलखातून बंदरावर जाई. पैठणला भिजवणारी गोदावरीच पुढे आमच्या पाथरी, सोनपेठ, गंगाखेडला येते. म्हणजे हा सगळा आमचा शेजारच की! जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तशाच घडणीची मूर्ती 1938 साली इटलीत पाँपेईला सापडली होती आणि पाँपेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. कुठे भोकरदन, कुठे पाँपेई!

याच खलाशाने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. कल्याण हे पूर्वी रीतसर बंदर होते, पण पुढे त्याची कोंडी झाली आणि तिथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. भडोच क्षत्रपांकडे होते. घाट आणि बंदरे यांच्यासाठी क्षत्रप नहपान आणि गौतमीपुत्र सातकर्णी झगडले. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाची 13,000 हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. तेरच्या विणकराला या लढाईचे काय? पण त्याचे कापड कुठल्या वाटेने जाणार आणि त्यावर जकात कोण घेणार, हे तिकडे ठरत होते.

हे सगळे सांगण्याचे कारण असे. 'मराठवाडा पहिल्यापासूनच मागास' हे वाक्य मी आयुष्यभर ऐकले. शिक्षकांच्या खोलीतही ऐकले. नाणेघाटात उभे राहिल्यावर त्यातला 'पहिल्यापासून' हा शब्द खोटा आहे, याची खात्री पटते. आपल्या मुलखातून तयार कापड जगात जात होते. पुढे निजामाच्या राज्यात सरहद्दीवर करोडगिरीचे नाके आले. 1900 च्या सुमारास हैदराबाद–मनमाड रेल्वे झाली आणि परभणी, सेलू, मानवतच्या कापसाला बाहेरची वाट मिळाली. पण आता जात होत्या त्या कापसाच्या गाठी. कापड दुसरीकडे विणले जाऊ लागले. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाचे राज्य गेले, पुढे नाकेही गेले. रस्ता मोकळा झाला.

आणि आज त्या मोकळ्या रस्त्याने काय जाते? पाथरी, सोनपेठ, गंगाखेडकडच्या गावांत दिवाळीच्या आगेमागे पाहा. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे संसार ट्रकवर लादून पश्चिमेकडे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. हिशेबात माणूस नाही, कोयता मोजतात! माझ्या वर्गातले काही बाक दर वर्षी दिवाळीनंतर रिकामे व्हायचे ते उन्हाळ्यापर्यंत. हजेरी घेताना त्या नावांवर क्षणभर थांबायचो, मग पुढचे नाव. त्यातली काही मुले परत आली, काही आलीच नाहीत.

आधी कापड गेले, मग कापूस गेला, आता हात जातात. म्हणून रस्ता रुंद झाला, एवढ्यावर मला आनंद मानता येत नाही. त्यावरून काय जाते आणि बदल्यात इकडे काय येते, हे विचारले पाहिजे. नागनिकेच्या लेखात गायींचे आकडे आहेत, विणकरांचे नाहीत. आपण निदान कोयत्यांमागच्या मुलांचे आकडे तरी नीट लिहून ठेवू या.

असो. इतिहास शिकवणाऱ्या माझ्या तरुण मित्रांना एक विनंती. सातवाहनांचा धडा शिकवताना फळ्यावर नकाशा काढा आणि आपल्या गावापासून कल्याणपर्यंत रेघ ओढा. मुले लगेच विचारतात, "सर, हा आपलाच रस्ता का?" जमल्यास त्यांना एकदा नाणेघाट दाखवाच. हिवाळ्यात जा. पावसाळ्यात वाट निसरडी असते आणि गर्दीही फार. आणि लेण्याच्या भिंतीवर कोणी नाव कोरू लागला तर त्याला मास्तरांच्या आवाजात थांबवा.

पुढच्या वेळी आमच्या जिंतूरच्या डोंगरातल्या नेमगिरीबद्दल लिहीन. तिथवर मोटारसायकल लागते, पण पुतण्या मोकळा हवा!