'सौम्य' या शब्दामागे काय दडलं?

आज एका शब्दाचा इतिहास सांगतो. शब्द आहे 'बिनाइन', म्हणजे सौम्य. लहान मुलांच्या एका अपस्माराला तो चिकटला आणि दशकानुदशकं सुटला नाही.

हा रोलँडिक अपस्मार. लुइजी रोलँडो या इटालियन शरीररचनातज्ज्ञाचं नाव मेंदूतल्या एका खाचेला दिलंय, त्यावरून हे नाव. या खाचेजवळच तोंड, जीभ, घसा हलवणारा भाग असतो. म्हणून काय होतं, तर झोपेत मुलाचा एका बाजूचा गाल उडतो, लाळ गळते. मूल बऱ्याचदा शुद्धीवर असतं, पण बोलता येत नाही.

1924 साली हान्स बेर्गरने माणसाचा पहिला ईईजी काढला, आणि मेंदूतल्या लहरी कागदावर दिसू लागल्या. 1958 मध्ये फ्रान्समधल्या नायराक आणि बोसार यांनी या मुलांच्या आलेखातले टोकदार काटे वेगळे ओळखले. 1972 मध्ये बोसारने 221 रुग्णांचा अभ्यास छापला. शीर्षकातच 'बिनाइन' होतं. त्यात खोटं काही नव्हतं हो! फिट्स थोड्या येतात आणि पौगंडावस्थेत बहुतेकांच्या थांबतात. घाबरलेल्या आईबापांना केवढा धीर!

पण मोजलं काय? फिट्स. शाळा कुणी मोजली?

खरं तर इशारा आधीच मिळाला होता. 1957 मध्ये अमेरिकेत लँडाउ आणि क्लेफनर यांनी अशी मुलं नोंदवली, ज्यांची आलेली भाषाच अपस्मारासोबत हरवली. तो आजार वेगळा, दुर्मीळ आणि गंभीर. पण अपस्मार आणि भाषा यांचं नातं तिथे उघड दिसलं होतं.

पुढे रोलँडिक अपस्माराच्या मुलांच्या चाचण्या झाल्या. बुद्धी साधारणपणे ठीक, पण काहींना वाचन, शुद्धलेखन, नेमका शब्द आठवणं, लक्ष टिकवणं जड जातं. कारण झोपेत वाढणारे ते काटे, की दोन्हींच्या मुळाशी असलेलं तिसरंच काही, यावर अजून वाद आहे. वर्गात मात्र अशा मुलाला 'आळशी' म्हणून मोकळं होतात.

1989 च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 'बिनाइन' कायम राहिला. 2017 मध्ये तो वगळला. आता म्हणतात, आपोआप थांबणारा अपस्मार. मला हा बदल महत्त्वाचा वाटतो. थांबते ती फिट. तोवर मागे पडलेलं वाचन आपोआप भरून येईलच असं नाही. म्हणून 'फिट आली का?' याच्या जोडीला 'धडा वाचता येतो का?' हेही विचारायला हवं.