ससा, डुक्कर आणि ताट

सप्टेंबर १८९३ मध्ये बिअ‍ॅट्रिक्स पॉटरनं नोएल मूर नावाच्या पाच वर्षांच्या आजारी मुलाला एक पत्र लिहिलं. नोएल हा तिला पूर्वी घरी शिकवायला येणाऱ्या बाईंचा मुलगा. पत्रात काय लिहावं हे सुचेना, म्हणून तिनं चार सशांची गोष्ट सांगितली आणि मध्येमध्ये चित्रं काढली. पुढे त्याचंच पुस्तक झालं. प्रकाशकांनी ते नाकारलं, तेव्हा १९०१ च्या डिसेंबरात तिनं पदरच्या पैशानं २५० प्रती छापल्या. १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न या कंपनीनं 'द टेल ऑफ पीटर रॅबिट' बाजारात आणलं.

या गोष्टीत अगदी सुरुवातीलाच आई पिल्लांना मॅकग्रेगरच्या बागेत जायला मनाई करते. कारणही सांगते: त्यांचे वडील त्या बागेत सापडले आणि तिथून थेट मॅकग्रेगरबाईंच्या स्वयंपाकघरात गेले. एवढं बोलून ती बाजारहाट करायला निघून जाते. रडारड नाही, समजूत घालणं नाही. पण ते वाक्य कानावर पडलेलं असतं, म्हणून पुढे पीटर बागेत जीव घेऊन पळतो तेव्हा ऐकणारं मूल श्वास रोखून धरतं.

प्राण्यांच्या अनेक अभिजात बालकथा आतून अशाच आहेत. कोण कोणाला खातं, या प्रश्नावर त्या उभ्या असतात. ई. बी. व्हाइटच्या 'शार्लट्स वेब'ची (१९५२) सुरुवातच कुऱ्हाडीनं होते. डुकरीण व्यालेली आहे, एक पिल्लू अशक्त निघालं आहे आणि शेतकरी ते मारायला निघाला आहे. त्याची मुलगी फर्न त्या पिल्लाला वाचवते. पण हिवाळ्यात त्याचं मांस होणार, हे गोठ्यातल्या मेंढीला ठाऊक असतं. विल्बरला वाचवणारी कोळीणसुद्धा माश्यांचं रक्त पिऊन जगते, आणि त्याबद्दल ती ओशाळत नाही.

हे लिहिणारी माणसं प्राण्यांकडे लांबून बघणारी नव्हती. पॉटरनं पुस्तकांच्या कमाईतून १९०५ मध्ये लेक डिस्ट्रिक्टमध्ये हिल टॉप हे शेत घेतलं आणि पुढे ती हर्डविक जातीच्या मेंढ्यांची जाणकार पैदासकार झाली. व्हाइट मेन राज्यात आपल्या शेतावर राहायचा. कापण्यासाठीच पाळलेलं एक डुक्कर आजारी पडलं आणि त्याला वाचवण्यासाठी आपण कसे धावलो, यावर त्यानं १९४८ मध्ये एक निबंध लिहिला. १९८३ मध्ये 'द शीप-पिग' लिहिणारा डिक किंग-स्मिथ वीसेक वर्षं शेतकरी होता. ज्याला जीव लावायचा त्यालाच एक दिवस कापायचं, हा पेच त्यांच्या रोजच्या जगण्यातला होता.

२०१८ मध्ये विल ग्लकनं दिग्दर्शित केलेला 'पीटर रॅबिट' आला. वडिलांचा मृत्यू त्यातही आहे, पण पीटरच्या मनातला सल म्हणून. म्हातारा मॅकग्रेगर सुरुवातीलाच हृदयविकारानं मरतो आणि लंडनहून त्याचा नातलग थॉमस येतो. शेजारी राहणारी चित्रकार बी सशांना आईसारखी आहे, थॉमस तिच्या प्रेमात पडतो आणि मग भांडण तिच्यावरून जुंपतं. विजेचं कुंपण येतं, स्फोटकं येतात. हाणामारी पुस्तकापेक्षा कितीतरी जास्त, पण सशाला खाण्यासाठी कोणी त्याच्या मागे लागलेलं नाही. कोण कोणाला खातं, याच्या जागी कोण कोणाच्या घरचं, हा प्रश्न आला. शेवटी सगळे एका कुटुंबात येतात आणि बागही वाटून घेतात.

याच चित्रपटात थॉमसला ब्लॅकबेरीची अ‍ॅलर्जी आहे हे ओळखून ससे नेमकी तीच त्याच्या तोंडात मारतात. त्याला औषधाची सुई टोचून घ्यावी लागते. अशी अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांचे आईबाप संतापले आणि सोनी कंपनीला माफी मागावी लागली. बापाला शिजवून खाल्ल्याचं सांगणारं पुस्तक शंभराहून अधिक वर्षं आईबाप मुलांना झोपताना वाचून दाखवत आले आहेत. मग इथंच का बिनसलं? पॉटरनं मृत्यूचं नाव घेतलं, तेव्हा तो मृत्यूच होता. इथं प्रेक्षकांतल्या काही मुलांच्या जिवावर बेतू शकणारी गोष्ट विनोदाला वापरली होती.

पडद्यावर भीती तशीच ठेवता येत नाही, असं मात्र नाही. २००६ च्या 'शार्लट्स वेब'मध्ये कुऱ्हाडही आहे आणि कोळिणीचा मृत्यूही. १९९५ चा 'बेब' हा किंग-स्मिथच्या पुस्तकावरचा चित्रपट तर डुकरांच्या कारखानावजा शेडमध्येच सुरू होतो. माणसं डुकरांना कशासाठी पाळतात, हे मांजर बेबला नंतर सरळ सांगतेही. सुरुवातीची ती शेड पाहिलेली असल्यानं, मेंढी मारल्याच्या संशयावरून हॉगेट त्याच्यावर बंदूक रोखतो तेव्हा आपल्याला पुढची खात्री वाटत नाही. हॉगेटचं काम करणारा जेम्स क्रॉमवेल या चित्रपटाच्या वेळी वीगन झाला.

बेबच्या भूमिकेसाठी ४८ पिल्लं लागली. पिल्लं भराभर वाढतात. तेच पिल्लू पुढच्या दृश्यापर्यंत तेवढं राहत नाही, म्हणून दुसरं आणावं लागायचं. ती इतकी भराभर वाढतात, कारण माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तशी जात घडवली आहे, ताटासाठी. चित्रपटात बेब वाचतो. पण तो पडद्यावर दिसावा म्हणून ४८ पिल्लं आणावी लागली, त्यामागचा हिशोब मांजरानं सांगितलेलाच होता.