मुलांची पुस्तके निवडणारे हात

बंगळूरच्या दक्षिणेस, होसूरच्या रस्त्यावर कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर ही दोन खेडी होती. १९७६ साली स्थापन झालेल्या केऑनिक्स या कर्नाटक सरकारच्या महामंडळाने, त्याचे पहिले प्रमुख आर. के. बाळिगा यांच्या आग्रहावरून, या गावांची ३३२ एकर जमीन घेतली आणि तेथे इलेक्ट्रॉनिक सिटी वसविली. अग्रहार म्हणजे विद्वानांस अध्ययनासाठी दिलेले गाव. नाव जुने आणि उद्योग नवा, असा योग येथे जुळून आला आहे. बदलीच्या हुकमाने अथवा नोकरीच्या निमित्ताने येथे येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांत एप्रिल उजाडला की एक प्रश्न दरवर्षी उभा राहतो. सहावी-सातवीत शिकणाऱ्या मुलाच्या अगर मुलीच्या हाती सुटीत कोणते मराठी पुस्तक द्यावे?

प्रश्न घरगुती दिसतो, परंतु तसा तो नाही. या मुलांच्या शाळेत इंग्रजी असते, हिंदी असते, आणि २०१५च्या कायद्यानंतर कन्नडही असते. ज्या प्रांताचे अन्न खावे त्या प्रांताची भाषा मुलांना यावी, हे न्याय्यच आहे. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. मात्र वेळापत्रकात मराठीला जागा उरत नाही. उरते ती एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरीपर्यंतची सुटी. मराठी वाचनाचे सारे वर्ष त्या सहा-सात आठवड्यांत बसवावयाचे असते. म्हणून ही निवड कोणी केली, कशासाठी केली आणि तिचे पुढे काय झाले, याचा जुना हिशेब एकदा पाहणे उपयोगाचे ठरेल. त्या हिशेबाची पहिली नोंद महाराष्ट्रात सापडत नाही. ती सापडते तंजावरास, आणि तंजावरची वाट बंगळूरवरूनच जाते.

१६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडाकडून बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. येथील दरबारात जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला. राजवाड्यांनी १९२२ साली दीर्घ प्रस्तावनेसह तो छापला तेव्हा या बहुभाषी दरबाराचे चित्र मराठी वाचकांपुढे आले. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी येथूनच दक्षिणेस गेले आणि १६७५च्या सुमारास तंजावरची गादी त्यांनी हस्तगत केली. बंगळूर मात्र हातचे गेले. १६८७ साली मोगलांनी ते घेतले आणि तीन लाख रुपयांस म्हैसूरच्या चिक्कदेवराजास विकून टाकले. तीन लाखांत बंगळूर! आज इलेक्ट्रॉनिक सिटीत सदनिकेचा हप्ता भरणाऱ्या वाचकाने या आकड्यावर क्षणभर थांबावे.

व्यंकोजींच्या गादीवर १७९८ साली आलेले दुसरे सर्फोजी हे विलक्षण गृहस्थ होते. श्वार्ट्‌झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते. राज्य एका वर्षातच कंपनी सरकारच्या हाती गेले आणि राजाकडे किल्ला, पेन्शन व पुष्कळसा रिकामा वेळ उरला. तो त्यांनी ग्रंथालय वाढविण्यात, वैद्यक शिकण्यात, शाळा काढण्यात आणि देवनागरी छापखाना उभारण्यात घालविला. याच छापखान्यातून १८०६ साली ‘बालबोधमुक्तावली’ बाहेर पडली. सख्खण पंडितांनी केलेले इसापाच्या गोष्टींचे ते मराठी रूपांतर होय. मुलांसाठी छापलेले पहिले मराठी पुस्तक म्हणून त्याचा उल्लेख होतो. पुण्यात अजून पेशवाई होती आणि मुंबईत मराठी शालेय पुस्तकांच्या छपाईला आरंभ व्हावयाचा होता, त्या वेळी कावेरीच्या काठी, तमिळ मुलखात, मराठी मुलासाठी कोल्ह्याची आणि द्राक्षांची गोष्ट छापली गेली.

ही निवड राजाने केली होती. इसापच का, याचे उत्तर अवघड नाही. या गोष्टींत देव नाही, धर्म नाही, जात नाही. मिशनऱ्याला चालाव्यात आणि शास्त्र्यालाही खटकू नयेत अशा त्या आहेत. शिवाय त्या आखूड आहेत. ज्या मुलाच्या कानावर घराबाहेर दिवसभर तमिळ आणि तेलुगू पडते, त्याला मराठी वाचनासाठी किती दम असेल, याचा अंदाज राजाला असावा असे मला वाटते. तंजावरकरांची अडचण आणि कोनप्पन अग्रहारातील आईबापांची अडचण यांत फारसे अंतर नाही.

पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. १८५५ साली तंजावरचे संस्थान खालसा झाले. तेथील मराठी कुटुंबे मात्र राहिली आणि आजही आपसांत मराठी बोलतात. ती मराठी जुन्या वळणाची, तमिळ शब्दांनी भरलेली, ऐकावयास गोड अशी आहे. परंतु त्यांतील बहुतेकांचे लिहिणे-वाचणे तमिळमध्ये चालते. ज्या नगरीत मराठी मुलांचे पहिले पुस्तक छापले गेले, तेथील मराठी घरांतून ते वाचू शकणारी मुले आज शोधावी लागतील. बोली टिकली आणि पुस्तक गेले. राजाश्रय असताना पुस्तके होती. राजा गेल्यावर ती निवडून मुलाच्या हातावर ठेवणारे कोणी उरले नाही. बोलीला शाळेची गरज नसते, आईच्या तोंडून ती पुढच्या पिढीला मिळते. वाचनाचे तसे नाही. एका पिढीने हात आखडता घेतला की पुढच्या पिढीला अक्षरच परके होते.

दुसरी नोंदही महाराष्ट्राबाहेरचीच आहे. बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात वैजनाथ शर्मा या पंडितांकडून ‘सिंहासनबत्तिशी’ १८१४ साली आणि ‘हितोपदेश’ १८१५ साली मोडी लिपीत छापून निघाले. परंतु ती मुख्यतः मराठी शिकणाऱ्या साहेबांसाठी होती. मुलांच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व बेताचेच.

खरी वहिवाट सुरू झाली ती मुंबईत. १८२२ साली एल्फिन्स्टनच्या आश्रयाने देशी भाषांतील शालेय पुस्तके तयार करणारी संस्था निघाली आणि तिचे देशी चिटणीस म्हणून सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी काम पाहिले. १८२८ साली त्यांनी ‘बाळमित्र’ हे पुस्तक दिले. मूळ पुस्तक बेर्कँ या फ्रेंच लेखकाचे, १७८२-८३ मधले. छत्र्यांनी ते इंग्रजीवरून मराठीत आणले. त्याच वर्षी त्यांची ‘इसपनीतिकथा’ आणि १८३० साली ‘वेताळपंचविशी’ निघाली. या तीन पुस्तकांकडे एकत्र पाहिले तर एक मौज दिसते. ‘बाळमित्रा’त शहाणी मुले आहेत, ती आईबापांचे ऐकतात, चुकली तर पस्तावतात. ‘वेताळपंचविशी’त स्मशान आहे, प्रेत आहे, आणि उत्तर दिले तर पंचाईत, न दिले तर मस्तक फुटते असा पेच आहे. पहिले पुस्तक मोठ्यांनी मुलांसाठी निवडले. दुसरे मुलांनी स्वतः निवडले असते. छत्रे सरकारी संस्थेचे चिटणीस होते. तरी त्यांनी दोन्ही केली, याबद्दल त्यांचे आभार मानावयास हवेत.

पुढच्या पाऊणशे वर्षांत मात्र पहिल्या जातीच्या पुस्तकांचेच राज्य होते. विद्याखाते स्थापन झाले, क्रमिक पुस्तके आली, मेजर कँडी यांच्या नजरेखालून भाषा गाळून निघू लागली, आणि बक्षीस समारंभात द्यावयाची पुस्तके इन्स्पेक्टरच्या पसंतीवर ठरू लागली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१पासून अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या, त्या मोठ्यांसाठी. पण त्या मुलांनी माळ्यावर बसून वाचल्या असणार, याविषयी शंका नको.

या काळातील एका माणसाजवळ मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण ते आपल्यासारखेच नोकरदार होते. विनायक कोंडदेव ओक यांनी शिक्षणखात्यात नोकरी केली, इंग्रजी बव्हंशी स्वतःच्या कष्टाने आत्मसात केले आणि १८८१ साली ‘बालबोध’ हे मासिक काढले. १९१४ साली मृत्यू येईपर्यंत ते त्यांनी चालविले, आणि तेही जवळजवळ एकहाती. दर महिन्याला एक चरित्र, एक कविता, एक निबंध, एक शास्त्रीय विषय. अशा रीतीने चारशेवर चरित्रे एका हाताने लिहिली गेली. लेखनाला लालित्य बेताचे आणि कवितांविषयी न बोलणेच बरे. पण ‘बालबोधा’ने एक गोष्ट प्रथम केली. पुस्तक एकदा निवडून संपत नाही, ते दर महिन्याला दारी यावे लागते, हे तिने दाखवून दिले. १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी पुण्याहून ‘आनंद’ काढला तो याच वाटेने, आणि त्याच्या नावातच सूर बदलल्याची खूण आहे. बोधाकडून आनंदाकडे यावयास पंचवीस वर्षे लागली.

या दोन्ही परंपरा एकत्र आल्या त्या साने गुरुजींच्या ठिकाणी. ‘श्यामची आई’ त्यांनी फेब्रुवारी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत, बहुतांशी लिहून काढली. १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. तिच्याविषयी एक मत येथे स्पष्ट मांडतो. परप्रांतातील मराठी घरांत हे पुस्तक मुलाच्या हाती देऊन मोठी माणसे निघून जातात, आणि आठ दिवसांनी ते उशाखाली दुमडलेल्या पानासह सापडते. दोष मुलाचा नाही. श्याम आपल्या मित्रांना रोज रात्री आईची आठवण सांगतो, अशी त्या पुस्तकाची मांडणी आहे. त्याची प्रकरणे नाहीतच, बेचाळीस रात्री आहेत. ते ऐकावयाचे पुस्तक आहे. कोकणातील घर, सोवळे, पत्रावळी, कर्जाचा तगादा यांपैकी काहीही न पाहिलेल्या मुलाला ते एकट्याने वाचावयास लावणे म्हणजे त्याला अनोळखी गावात उतरवून परत येण्यासारखे आहे. सुटीचे दिवसही साधारण तितकेच असतात. रोज एक रात्र, आणि वाचणार वडील अगर आई. याच गुरुजींनी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तमिळ शिकून पुढे ‘कुरळ’ मराठीत आणला, हेही मुलांना सांगावे.

त्यानंतरचा इतिहास वाचकांपैकी पुष्कळांच्या स्वतःच्या बालपणाचा आहे, म्हणून तो लांबवीत नाही. १९५१ साली भा. रा. भागवतांनी मासिक काढले आणि त्याला नाव दिले ‘बालमित्र’. छत्र्यांच्या पुस्तकाचे नाव सव्वाशे वर्षांनी असे फिरून आले, पण आतला मुलगा पार बदललेला होता. मासिक फार वर्षे चालले नाही. त्यांचा फुरसुंगीचा बनेश फेणे मात्र सायकलवरून अजून धावतो आहे, आणि २०१७ साली तो रुपेरी पडद्यावरही आला. १९५२ साली मद्रासहून ‘चांदोबा’ मराठीत येऊ लागला. पुन्हा तमिळ मुलूख, आणि पुन्हा वेताळ! तेच चित्र आणि तीच गोष्ट कन्नड, तमिळ, तेलुगू मुले आपापल्या भाषेत वाचीत होती. बदलीच्या गावी शेजारच्या मुलाशी बोलावयास यापेक्षा सोयीचा विषय नव्हता. या शतकाच्या दुसऱ्या दशकात तो बंद पडला. नोव्हेंबर १९७१मध्ये बालभारतीने ‘किशोर’ सुरू केला, तो चालू आहे, आणि त्याचे पहिल्या वर्षापासूनचे जुने अंक महाजालावर विनामूल्य वाचावयास मिळतात. सरकारी खात्याच्या हातून झालेल्या चांगल्या कामांत याची गणना करावी.

आता मूळ अडचणीकडे येतो. येथील बारा वर्षांच्या मुलाची समज बारा वर्षांची असते, परंतु त्याचे मराठी वाचन आठ वर्षांचे असते. पुस्तक वाचनाच्या वयाचे द्यावे तर त्यातील ससा-कासव पाहून तो हसतो. समजेच्या वयाचे द्यावे तर दुसऱ्या पानावर थकतो. सर्फोजींच्या पंडितांपासून कोणीही या मुलाचा स्वतंत्र विचार केलेला नाही. अशा मुलाला आरंभी माधुरी पुरंदरे यांनी संपादिलेले ‘वाचू आनंदे’ द्यावे. त्यात कुमारगटासाठी वेगळे भाग आहेत, उतारे आटोपशीर आहेत, आणि निवड करणाऱ्या बाईंचा हात इतका सराईत आहे की कोठेही उपदेशाचा वास येत नाही. त्याच्या मागोमाग फेणे, कारण वेगवान गोष्टीत मूल अडलेला शब्द ओलांडून पुढे जाते, आणि वाचन वाढते ते अशा ओलांडण्यातूनच. ज्याला यंत्रांची आवड आहे त्याला नारळीकरांच्या विज्ञानकथा द्याव्यात; इलेक्ट्रॉनिक सिटीत अशी मुले घरोघरी आहेत.

आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी प्रकाश नारायण संतांचा ‘वनवास’ द्यावा. १९९४ साली तो प्रसिद्ध झाला. त्यातील लंपन हा मुलगा सीमाभागात, बेळगावकडच्या मुलखात वाढतो. त्याच्या भोवतीच्या माणसांच्या बोलण्यात कानडी शब्द आणि कानडी वळणाची वाक्ये सर्रास येतात. पुण्या-मुंबईचा वाचक तेथे अडखळतो. येथे मात्र उलटा प्रकार होतो. मूल ती वाक्ये हसत वाचून जाते, आणि त्यांचा अर्थ विचारण्याची पाळी आईवडिलांवर येते.