हळद, फुले आणि अळणी भात

लग्नसराई जवळ आली की धर्मग्रामाच्या कचेरीत हळदीचा प्रश्न हमखास येतो. यंदा एक माता आली. कुठल्याशा प्रार्थनासभेत तिने ऐकले होते की, नवरीला हळद लावणे हा अन्यधर्मीयांचा विधी असून ख्रिस्ती घराला तो शोभत नाही. "फादर, पोरीला हळद लावू की नको?" तिने विचारले, आणि तिच्या आवाजात भीती होती. ही भीती किती जुनी आहे, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

१४ एप्रिल १७३६ रोजी गोव्याच्या इन्क्विझिशनने एक आज्ञापत्र काढले. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात ते दिले आहे. वाचताना प्रथम हसू येते, मग येत नाही. वधूवरांना हळद, दूध व खोबरेल तेल लावायचे नाही. वधूच्या वा वराच्या घरी फुले, विड्याची पाने व सुपारी पाठवायची नाही. लग्नघरी ओव्या गायच्या नाहीत. पुरुषांनी पुडवे नेसू नये, स्त्रियांनी चोळी घालू नये, अंगणात तुळस लावू नये. आणि भात मिठाविना शिजवून, हिंदूंप्रमाणे मागाहून मीठ घालून खाऊ नये!

भाताच्या मिठावरून माणसाची श्रद्धा तपासायची, ही कल्पनाच विलक्षण. आज रक्तदाबाच्या तक्रारीमुळे आमच्या निम्म्या वडीलधाऱ्यांच्या पानात अळणी भात असतो. त्या काळी ही मंडळी संशयित ठरली असती. परंतु थट्टा पुरे. न्यायसभेला खरी धास्ती होती ती नवख्रिस्ती माणूस पूर्वधर्माकडे परत जाईल याची. मन तर दिसत नाही. मग जे दिसते त्यावर, म्हणजे अंगावरचे वस्त्र, केसांतले फूल आणि चुलीवरचे भांडे यांवर, पहारा बसला. त्याचा भार सर्वाधिक पडला तो स्त्रियांवर. चूल त्यांची, हळद त्यांची, ओव्याही त्यांच्याच.

आश्चर्य याचे वाटते की, ख्रिस्तसभेचे स्वतःचे वचन याहून वेगळे होते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहविषयक आदेश दिला, तेव्हा निरनिराळ्या प्रदेशांत विवाहप्रसंगी ज्या चांगल्या चालीरीती असतील, त्या राखल्या जाव्यात अशी इच्छा त्यात नमूद केली होती. १६२३ साली पोप ग्रेगरी पंधरावे यांनी फादर रोबेर्तो द नोबिली यांच्या मदुराई मिशनमधील ख्रिस्ती लोकांना शेंडी, चंदनाची उटी आणि स्नानाची रीत ठेवण्याची मुभा दिली. अट एवढीच की, त्यांत मूर्तिपूजेचा वा भोळ्या समजुतीचा अंश नसावा. १६५९ साली रोमच्या धर्मप्रसार मंडळाने आशियात जाणाऱ्या धर्माधिकाऱ्यांना बजावले होते की, श्रद्धेला व नीतीला उघड विरोध नसेल तर लोकांच्या चाली बदलायला लावू नका. गोव्याच्या आज्ञापत्रात या विवेकाचा मागमूस नाही. अर्थात रोमही नेहमी उदार राहिले नाही. १७४४ साली मदुराईच्या चालींवर पुन्हा कडक बंधने आली.

आमची वसईही त्या काळी त्याच न्यायसभेच्या अधिकारात होती. मात्र आज्ञापत्रानंतर तीनच वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तो हात येथून उठला. गोव्यात मात्र मधली चार वर्षे सोडता तो १८१२ पर्यंत राहिला. वसईच्या पाडावाविषयी आमच्या घरांतून दुःखानेच बोलले जाते, आणि ओसाड किल्ल्यातील चर्चचे भग्नावशेष पाहताना मलाही ते जाणवते. तरीही आमच्या अंगणात हळद टिकली, याचे श्रेय थोडेफार त्या पराभवालाही द्यावे लागेल, असे मला वाटते.

१९६३ साली द्वितीय व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या संविधानात ट्रेंटचे ते विवाहाविषयीचे शब्द पुन्हा उद्धृत केले. मध्ये बरोबर चारशे वर्षे गेली. हे वाक्य मी सेमिनरीत परीक्षेसाठी पाठ केले होते. तरीही दीक्षेनंतरच्या पहिल्याच वर्षी एका प्रवचनात हळदीला मी 'अंधश्रद्धा' म्हटले, आणि पुढच्या बाकावरच्या लाल लुगड्यातील म्हाताऱ्या खाली पाहू लागल्या. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आज मला खटकते ते निराळेच. पिवळा मंडप, कर्णकर्कश ध्वनिक्षेपक आणि एका रात्रीसाठी काढलेले कर्ज. हळद मात्र नावापुरती गालाला, तीही छायाचित्रापुरती.

त्या मातेला मी म्हणालो, "बाई, खुशाल हळद लावा. आधी घरात प्रार्थना म्हणा, म्हणजे झाले." तिचा चेहरा उजळला. दारापर्यंत जाऊन ती परत वळली.

"आणि गाणी, फादर?"

"गाणीसुद्धा."

"गाणी येणारी आता वाडीत एकच आजी उरलीय," ती म्हणाली. "तिला ऐकू कमी येतं. पण विचारते तिला."